सुनेनं दिलेलं पुस्तक मला आवडलं नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. वय ६४. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमचं दहा-अकरा जणींचं वाचक मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पुस्तक कुठल्याही भाषेतलं चालतं, बोलायचं मात्र मराठीत.

माझ्या मुलाची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा नात ३ वर्षांची होती. आता ती ८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मुलानं दुसरं लग्न केलं. सून गुजराती आहे, शांत स्वभावाची, बँकेत नोकरी करते. मराठी समजतं, बोलतेही. नात तिला ‘छोटी आई’ म्हणते.

उन्हाळ्यात तिनं मला एक इंग्रजी कादंबरी दिली. सिंड्रेलाचीच गोष्ट, पण सावत्र आईच्या तोंडून सांगितलेली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती तीन आठवड्यांत संपवली. आवडली नाही. त्यातली सावत्र आई इतकी सोशीक की तिच्या हातून एकही चूक होत नाही. मुलीला चुलीपाशी झोपवते त्याला कारण, नाचाला नेत नाही त्यालाही कारण. उलट सिंड्रेलाच हट्टी, नटवी आणि खोटं बोलणारी. नवरा तिसऱ्या प्रकरणात मरून मोकळा. त्यात पुस्तकभर पेन्सिलीच्या रेघा. ती बाई मुलीची वेणी घालायला जाते आणि मुलगी ‘आई अशी नव्हती घालत’ म्हणून डोकं मागे ओढते, त्या प्रसंगाला तर दुहेरी रेघ. पुस्तकात खुणा केलेल्या मला खपत नाहीत.

मंडळात माझी पाळी आली त्या दिवशी सूनही हौसेनं माझ्याबरोबर आली होती, पहिल्यांदाच. मला वाटलं ते मी सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘सावत्र आई ती सावत्र आई. तिला गोड केलं की गोष्टीतला जीवच जातो. असली गोष्ट आहे तशी सांगायची सोडून हे उद्योग कशाला?’ सगळ्या हसल्या. सून काही बोलली नाही. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. त्याला सव्वा महिना झाला. वागण्यात काही उणं नाही, पण पुस्तकाविषयी एक अक्षर नाही.

मी पुस्तकाला बोलले, तिला नाही. मत मागे घेऊ का? मनाला न पटणारं मागे घेणं मला जमायचं नाही. आणि नात रात्री सिंड्रेलाची गोष्ट सांग म्हणते. ती सांगू की नको?

— एक सासू, बडोदे

*

प्रिय ताई,

मत मागे घेऊ नका. हे आधी सांगते, कारण घरात शांतता राहावी म्हणून वाचलेल्या पुस्तकाबद्दल खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या शांततेत पुढे कुणीच कुणाला पुस्तक देत नाही. तुम्ही शब्दकोश घेऊन तीन आठवडे बसलात. एवढी मेहनत करून बनलेलं मत खरं असतं आणि त्याला किंमत असते. सुनेलाही ती कळते, नाहीतर तिनं पुस्तक तुमच्या हातात दिलंच नसतं.

पण मंडळात तुम्ही जे बोललात त्यात तीन वेगवेगळी वाक्यं आहेत, आणि ती तुम्ही एका दमात बोलून टाकलीत. पहिलं पुस्तकाबद्दल आहे, ते बरोबर आहे. ‘असली गोष्ट’ हे दुसरं, त्याच्याशी मी भांडणार आहे. आणि ‘सावत्र आई ती सावत्र आई’ हे तिसरं वाक्य पुस्तकाबद्दल नाहीच.

पहिल्यापासून बोलू. कादंबरी मी वाचलेली नाही, तुमच्या वर्णनावर विसंबून बोलते. पण तुम्ही पकडलेलं दुखणं मला ओळखीचं आहे. जुनी गोष्ट नव्यानं सांगताना पुष्कळ लेखक एवढंच करतात की दुष्टाच्या पाटावर बसलेल्याला उठवतात आणि दुसऱ्या कुणाला तिथे बसवतात. पाट तोच, पंगत तीच. सावत्र आईला सोडवायचं म्हणून आई गेलेल्या पोरीला नटवी आणि खोटारडी केलं, तर नवं काय सांगितलं? जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात एक जागा आहे: मुलगी नाचाला येऊ का विचारते तेव्हा सावत्र आई भांडंभर मसूर राखेत ओतते आणि म्हणते, दोन तासांत निवड, मग ये. पाखरं येऊन मसूर निवडून देतात, तेव्हा ती आणखी दोन भांडी ओतते आणि वेळ एका तासावर आणते. चांगली कादंबरी लिहिणाऱ्यानं हे मसूर तिच्याच हातून ओतवले असते, कुठलीही सबब न देता, आणि मग त्या रात्री तिच्या उशाशी आपल्याला बसवलं असतं. तिनं हे केलं, तिला ते कळतंय आणि उद्या ती पुन्हा करणार आहे, हे वाचताना आपला जीव वरखाली झाला असता. कारणं देऊन धुऊन काढलेली बाई वाचकाच्या मनात उभी राहत नाही. तुम्हाला तेच खटकलं. यातला एक शब्दही परत घेण्यासारखा नाही.

मला आणखी एक वाटतं. तुमच्या घरात आई गेलेली एक पोर आहे. तुम्ही ती कादंबरी तिच्या बाजूनं वाचलीत. पुस्तकातल्या पोरक्या मुलीला कुणी नटवी म्हटलं की तुमच्या पोटात तुटत होतं. सुनेनं तीच पानं दुसऱ्या बाजूनं वाचली. दोघींनी आपापलं माणूस त्यात शोधलं. यात चूक कुणाचीच नाही, पण एकमेकींना हे सांगितलंही नाहीत.

आता ‘असली गोष्ट’. ताई, हिचा शोध मी वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी घेतला होता. वडील मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जायचे. तिथल्या काचेच्या लाद्यांच्या मजल्यावर पाय ठेवायला मी घाबरायची. खालच्या मजल्यावर फिरणाऱ्या माणसाची सावली पायाखालून सरकायची आणि मी कपाटाची लोखंडी कड धरून उभी राहायची. त्या दिवशी माझ्या हाती सिंड्रेलाची दोन पुस्तकं लागली, एक मराठी, एक गुजराती. एकात ती शेवटी बहिणींना क्षमा करून राजवाड्यात घेऊन जाते. दुसऱ्यात कबुतरं येऊन त्या बहिणींचे डोळे फोडतात. मला राग आला. कुणीतरी मला फसवत होतं. काउंटरवरच्या काकांना मी दोन्ही पुस्तकं दाखवून विचारलं, यातली खरी कुठली? त्यांनी दोन्हींवर शिक्का मारला आणि म्हणाले, ‘बेय लई जा, बेन.’ म्हणजे दोन्ही घेऊन जा.

दोन्ही खऱ्या होत्या. क्षमा करणारी शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची, १६९७ सालची. काचेचा बूट आणि भोपळ्याची बग्गी त्याचीच. डोळे फोडणारी ग्रिम बंधूंची, आणि गंमत म्हणजे त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती शिक्षा नव्हतीच, १८१९ च्या आवृत्तीत आली. तिथे बग्गीही नाही आणि परीही नाही. आईच्या थडग्यावर लावलेलं एक झाड आहे, मुलगी त्याच्याखाली जाऊन रडते आणि झाड तिला कपडे देतं. पेरोच्याही साठेक वर्षं आधी, १६३४ साली, इटलीत नेपल्सच्या बाझिलेचं पुस्तक निघालं. त्यातली मुलगी झेझोला. ती काय करते माहीत आहे? शिकवायला येणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून सावत्र आईला पेटीत वाकून कपडे काढायला लावते आणि झाकण तिच्या मानेवर पाडून तिला मारते. मग तीच शिक्षिका बापाशी लग्न करून घरात येते आणि पहिलीपेक्षा वाईट निघते. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये दुआन चेंगशीनं लिहून ठेवलेली ये शियान आहे. तिला परी नाही, मासा मदत करतो. सावत्र आई मासा मारून खाते, मुलगी त्याची हाडं जपून ठेवते, आणि हाडं तिला हवं ते देतात. तिचा बूट सोन्याचा. आपल्या शेजारी कर्नाटकात कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी टिपलेली ‘हंची’ आहे, तिच्यात तर तोंड झाकायला मातीचा मुखवटा आहे. हे रामानुजन काही काळ बडोद्यात शिकवत होते, हे तुमच्या मंडळात आवर्जून सांगा.

मग यातली असली कुठली? प्रत्येक वेळी कुणीतरी सांगताना काहीतरी बदललं आहे, आणि आपण पहिली ऐकलेली असली समजून बसलो आहोत. लहानपणी पुस्तक वाचलं तेव्हा आपलं वय कोवळं होतं, म्हणून ती मनात पक्की बसली. तुमच्या सुनेच्या कादंबरीचा लेखक पेरो आणि ग्रिम यांच्याच रांगेत शेवटी उभा आहे. गोष्ट वाईट सांगितली म्हणून त्याला नाव ठेवा. बदलली म्हणून ठेवू नका.

आणि सावत्र आईचं म्हणाल, तर मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट हिमगौरीची आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ती छापली तेव्हा पोटच्या मुलीचा मत्सर करणारी, तिला जंगलात मारायला पाठवणारी बाई तिची सख्खी आई होती. सावत्र नव्हे, सख्खी. १८१९ च्या आवृत्तीत ती मेली आणि तिच्या जागी सावत्र आई आली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना जंगलात सोडून यायला लावणारीही आधी त्यांची आईच होती, पुढच्या एका आवृत्तीत ती सावत्र झाली. ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या, शेवटची १८५७ मध्ये, आणि दर वेळी विल्हेल्म ग्रिम त्यात हात घालत राहिले. आईची मूर्ती डागाळू नये, मुलांच्या हातात पुस्तक देताना कुणाला संकोच वाटू नये, म्हणून आईचा दोष उचलून सावत्र आईच्या पदरात घातला. त्या काळात बाळंतपणात बायका पटापट जात. घरोघरी दुसऱ्या बायका येत. त्यांच्यापैकी कुणी ही पुस्तकं सावत्र मुलांना वाचून दाखवली असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही भाषेच्या शिक्षिका. म्हणून हे तुमच्याशीच बोलता येईल. ‘सावत्र’ हा शब्द ‘सापत्न’वरून आला, आणि सापत्न ‘सपत्नी’वरून, म्हणजे सवत. मुळात त्या शब्दात नातं होतं, दुसरं काही नव्हतं. आज वर्तमानपत्र उघडा. सरकारनं एखाद्या जिल्ह्याला निधी दिला नाही की ‘सापत्न वागणूक’ असा मथळा. शब्द उच्चारला की निकाल लागलेला असतो. तुमच्या सुनेच्या भाषेत सावकी मा म्हणतात, ओरमान मा म्हणतात, तिथेही तीच गत. दोन भाषा येणारी ही मुलगी, दोन्ही भाषांत तिच्या नात्याचा शब्द शिवीसारखा वापरला जातो. आणि याच मराठीत ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हणही आहे. म्हणजे आई गेल्यावर लेकराला माया देणारी बाई असू शकते हे आपल्या लोकांना ठाऊक होतं. तिला मावशी म्हटलं की चालतं, सावत्र आई म्हटलं की नाही.

म्हणून ते तिसरं वाक्य. ‘सावत्र आई ती सावत्र आई.’ ताई, त्या खोलीत तुमच्या सगळ्या मैत्रिणी होत्या, मराठी तुमचं होतं, हसणं तुमचं होतं. परकी एकटी ती होती, आणि हौसेनं आली होती. तुम्ही पुस्तकाला बोललात हे मला पटतं. तिला तसं ऐकू कसं येईल? तिच्या जागी बसून ते हसणं एकदा कानावर घ्या.

हे वाक्य मागे घ्या. तेवढंच, आणि जिथे बोललात तिथेच. पुढच्या बैठकीत, सून असो वा नसो, दोन मिनिटं मागून घ्या आणि सांगा की कादंबरीबद्दलचं माझं मत आहे तेच आहे, पण त्या दिवशी मी एक वाक्य बोलले ते पुस्तकाबद्दल नव्हतं आणि खरंही नव्हतं. स्पष्टीकरण देत बसू नका. हिमगौरीच्या सख्ख्या आईची हकीकत सांगा, मैत्रिणी सरसावून बसतील. तुमच्यासारख्या बाईनं मंडळात एवढं म्हटलं की ते सुनेपर्यंत पोचायला रिक्षाही लागणार नाही.

पण त्याआधी घरी बोलायला हवं, आणि तिथे वेगळं बोलायला हवं. पेन्सिलीच्या रेघांचं तुम्ही पत्रात तक्रारीसारखं लिहिलंत. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. पुस्तक तिचं, म्हणजे रेघा तिच्या. आणि दुहेरी रेघ कुठे, तर वेणीच्या प्रसंगाला. तुमच्या पत्रात घरातलं पुष्कळ काही आहे, पण सकाळी शाळेच्या घाईत नातीची वेणी कोण घालतं ते नाही. सून घालत असेल, तर कधीतरी त्या पोरीनं डोकं मागे ओढलं असेल. म्हणाली असेल काहीतरी. मुलं म्हणतात, त्यांना त्यात वाईट काही म्हणायचं नसतं. ती मुलगी बँकेत गेली असेल, दिवसभर नोटा मोजल्या असतील, आणि ते वाक्य कुणाला सांगायचं हे तिला कळलं नसेल. नवऱ्याला सांगावं तर पहिल्या बायकोची आठवण निघते. माहेरी सांगावं तर माहेरचे म्हणतील, तरी आम्ही सांगत होतो. मग एका पुस्तकात तिला तेच वाक्य छापलेलं सापडलं. तिनं त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पुस्तक सासूच्या हातात दिलं. तोंडानं बोलली असती तर बरं झालं असतं, हे खरं. पण नव्या घरात, परक्या भाषेत, त्या नातीच्या आजीशी हे बोलायला लागणारं धाडस तुम्ही तिच्याकडून दोन वर्षांत मागू नये.

माझा अंदाज चुकतही असेल. म्हणून अंदाजावर बोलू नका, विचारा. ती भाजी निवडत असेल, कपड्यांच्या घड्या घालत असेल, अशा वेळी, समोरासमोर बसवून नाही. ‘त्या दिवशी मी पुस्तकावर एवढं बोलले, पण ते तू मला का दिलंस हे विचारलंच नाही. वेणीच्या प्रसंगाला तू दोन रेघा का मारल्यास?’ एवढंच. मग गप्प राहा. शिक्षकाला प्रश्न विचारून गप्प राहणं फार जड जातं, मी शिक्षकांच्याच घरात वाढले. तरी राहा. ती लगेच बोलली नाही तरी विषय बदलू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघी मिळून त्या पुस्तकाला विचारू शकता. बाप कुठे आहे? तुम्ही लिहिलंत, कादंबरीत नवरा तिसऱ्या प्रकरणात मरून मोकळा होतो. लेखकाची सोय झाली. जुन्या गोष्टींत तो मरत नाही, ताई. पेरोच्या गोष्टीत तो जिवंत आहे. मुलगी त्याच्याकडे तक्रार करत नाही, कारण तो बायकोच्या मुठीत आहे आणि उलट तिलाच रागावेल. ग्रिमच्या गोष्टीतही तो जिवंत आहे. जत्रेला जाताना तीनही मुलींना काय आणू विचारतो. दोघी कपडे आणि मोती मागतात, ही म्हणते, परतताना तुमच्या टोपीला जी पहिली फांदी लागेल ती आणा. तो आणूनही देतो. आणि शेवटी राजपुत्र बूट घेऊन दारात येतो आणि विचारतो, घरात आणखी कुणी मुलगी आहे का, तेव्हा हा बाप म्हणतो, नाही, माझ्या मेलेल्या बायकोची एक खुरटी पोर आहे स्वयंपाकघरात, ती कशी असेल? तीनशे वर्षं आपण सावत्र आईला शिव्या देतो आहोत आणि तो गृहस्थ तसाच घरात फिरतो आहे. डोळे फुटले ते मुलींचे. याला कुणी कधी काही केलं नाही.

तुमच्या पत्रात मुलगा एका वाक्यात आहे. त्यानं दुसरं लग्न केलं, एवढंच. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. पण बायको गेलेली, मुलगी तीन वर्षांची, हे सगळं त्यालाही झालं आहे. सासू, सून आणि नात या तिघी एका गोष्टीवरून सव्वा महिना अवघडल्या आहेत, आणि त्याला याची खबर आहे का? त्याला सांगा. आठवड्यातून दोन दिवस नातीची वेणी त्यानं घालावी, असं मी सुचवीन. वाकडी आली तरी चालेल.

आता नातीची गोष्ट. सांगा. ती मागते आहे म्हणजे तिला ती हवी आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीला राखेत झोपणारी पोर कोण आणि छोटी आई कोण यातला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. घरात दबकत दबकत सांगितलेल्या गोष्टी मुलांना जास्त लागतात. सावत्र आईला गाळू नका, मसूरही गाळू नका. फक्त सून खोलीत आली म्हणून आवाज खाली आणू नका. नातीनं विचारलं की छोटी आई पण सावत्र आई का गं, तर हो म्हणा. तो शब्द त्या घरात नेहमीच्या आवाजात उच्चारला जाऊ दे.

आणि श्रावण पंधरा दिवसांवर आलाय. तुमच्याकडे सोमवारी शिवामुठीची कहाणी वाचत असतील. आटपाट नगराच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. राखेऐवजी शेण आहे, एवढाच फरक. परीच्या जागी नागकन्या आणि देवकन्या आहेत. त्यांच्यापाठोपाठ ती रानात जाते, पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, असं वाहत जाते. रानात देऊळ सोन्याचं होतं. सासरा आपलं पागोटं खुंटीला अडकवून तळं बघायला जातो, परत येतो तो देऊळ लहान झालेलं आणि पागोटं तिथेच खुंटीवर. काचेचा बूट मला इतका खरा कधीच वाटला नाही जितकं ते पागोटं वाटतं. आपली सिंड्रेला कुणाची मुलगी नव्हे, सून आहे, आणि तिचं मागणं राजपुत्र नाही. ‘नावडती आहे ती आवडती कर रे देवा’, सासू-सासऱ्यांना, दिराभावांना, नणंदाजावांना.

ही कहाणी तुम्ही इतकी वर्षं वाचली असेल. यंदा सुनेला वाचू द्या. देवनागरी तिला हिंदीमुळे वाचता येत असेल, जोडाक्षरांशी अडखळेल, तर अडखळू द्या. नात मांडीवर असेल, तीच दुरुस्त करील. तुम्ही शेजारी नुसत्या बसा.

कादंबरी मात्र पुन्हा एकदा घ्या. या खेपेला फक्त तिच्या रेघा असलेली पानं वाचा, आणि जिथे तुम्हाला पटलं नाही तिथे समासात लिहा. पुस्तकात खुणा तुम्हाला खपत नाहीत हे मी विसरलेले नाही, तरी लिहा. ‘इथे ही बाई खोटी वाटते.’ ‘इथे मुलीवर अन्याय केलाय.’ तुमचं मत जसं आहे तसं, तिच्या रेघेशेजारी, मग पुस्तक तिला परत द्या. तिच्या रेघा साध्या पेन्सिलीच्या आहेत, म्हणून तुम्ही रंगीत घ्या. तांबडी घेऊ नका, ती तुमच्या हातात वह्या तपासल्यासारखी दिसेल. निळी घ्या.

तुमची,
ताई